ग्रीक शोकांतिकेचा नायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा माणूस, त्याच्या स्वभावात एक दोष, त्या दोषापायी सर्वनाश. शोकांतिकेच्या नायकाची ही व्याख्या बी.ए.च्या वर्गापासून नेट-सेटच्या गाइडपर्यंत सगळीकडे भेटते. पाठ करायला ती सोपी आहे, पण अथेन्समधली नाटकं प्रत्यक्ष वाचायला घेतली की पहिल्याच नाटकाशी तिचं जमत नाही. खालची उत्तरं एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटकं आणि ॲरिस्टॉटलचं 'काव्यशास्त्र' समोर ठेवून लिहिली आहेत. नाटक वाचताना नायकाच्या स्वभावाआधी त्याच्या हातून काय घडलं ते बघावं, हा आमचा आग्रह त्यात जागोजागी दिसेल.

ग्रीक शोकांतिकेचा नायक म्हणजे नेमका कोण?

नामवंत घराण्यातली अशी व्यक्ती, जिच्या हातून एक भयंकर कृत्य घडतं किंवा घडता घडता राहतं, आणि तेही बहुतेकदा आपल्याच माणसांच्या बाबतीत. मुलगा बापाला मारतो, आई मुलांना मारते, बाप मुलीचा बळी देतो, बायको नवऱ्याचा जीव घेते. शत्रूने शत्रूला मारलं तर त्यात करुणा वाटण्याजोगं फारसं काही नाही. जिथे माया असायला हवी तिथे घाव बसतो तेव्हा शोकांतिका उभी राहते, असं ॲरिस्टॉटल स्पष्ट म्हणतो.

'शोकांतिकेचा नायक' अशी ठरलेली संज्ञा मात्र त्याच्या ग्रंथात नाही. ग्रीकांसाठी 'हिरोस' हा शब्द नाटकापेक्षा पूजेशी जास्त जोडलेला होता. मेल्यानंतरही ज्याच्यात सामर्थ्य उरलं आहे आणि ज्याच्या थडग्यावर नैवेद्य दाखवला जातो, तो हिरोस. अथेन्सच्या दहा गणांपैकी एका गणाला ट्रॉयच्या युद्धातल्या एजॅक्स या वीराचं नाव होतं. त्यामुळे सोफोक्लीसच्या नाटकात एजॅक्सला पुरायचं की नाही यावर वाद रंगतो, तेव्हा प्रेक्षकांतली काही माणसं आपल्या कुलपुरुषाबद्दलच ऐकत होती.

ॲरिस्टॉटलने नायकासाठी कोणत्या अटी घातल्या आहेत?

'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात तो आधी तीन शक्यता बाद करतो. सज्जन माणूस सुखातून दुःखात गेला तर प्रेक्षकाला नुसता धक्का बसतो, घृणा येते. दुष्ट माणूस दुःखातून सुखात गेला तर त्यात शोकांतिकेचं काहीच उरत नाही. अगदी नीच माणूस सुखातून दुःखात गेला तर न्याय झाल्याचं समाधान मिळतं, पण करुणा आणि भीती वाटत नाही. कारण करुणा वाटते ती वाट्याला यायला नको होतं ते आलं म्हणून, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसाच्या वाट्याला आलं म्हणून.

उरतो तो मधला माणूस. सद्गुणांत आणि न्यायबुद्धीत सर्वश्रेष्ठ नाही, पण दुष्टही नाही. कीर्ती आणि वैभव असलेला. त्याचं पतन दुष्टपणामुळे होत नाही, 'हामार्तिया'मुळे होतं. ईडिपस आणि थायेस्टीस ही उदाहरणं तो तिथेच देतो.

पंधराव्या प्रकरणात पात्रांसाठी आणखी चार गोष्टी येतात: पात्र चांगलं असावं, आपल्या जागी शोभावं, माणसासारखं वाटावं आणि त्याच्या वागण्यात सुसंगती असावी. पात्राचा स्वभावच विसंगत दाखवायचा असेल तर ती विसंगतीही शेवटपर्यंत टिकली पाहिजे. उत्तरपत्रिकांत या चार गोष्टी आणि तेराव्या प्रकरणातल्या अटी यांची हमखास सरमिसळ होते. चार गोष्टी नाटकातल्या पात्रांबद्दल एकूणात आहेत. तेराव्या प्रकरणातली चर्चा पतन कोणाचं दाखवावं याबद्दल आहे.

हामार्तिया म्हणजे स्वभावदोष ना?

नाही. हामार्तिया म्हणजे चूक, नेम हुकणं. कृती करताना एखादी महत्त्वाची गोष्ट ठाऊक नसणं, एकाला दुसरंच समजणं, अंदाज चुकणं. मराठीत 'प्रमाद' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात अशा चुकांची फोड आहे: ज्याला मारायचं नव्हतं त्याला लागलं, ज्या हेतूने केलं त्याहून भलतंच झालं, मुलाला शत्रू समजून आई मेरोपी त्याच्यावर धावून गेली. दुष्ट हेतूने केलेलं कृत्य तो वेगळं काढतो, आणि कोणाच्याही कल्पनेत नसलेला निव्वळ अपघातही वेगळा. हामार्तिया या दोहोंच्या मध्ये आहे: कृती माझीच, पण मला हवी होती ती ही नव्हे.

सर्वांत स्वच्छ उदाहरण 'ट्राखिसच्या स्त्रिया' या सोफोक्लीसच्या नाटकात सापडतं. नवरा हेराक्लीस दुसरीला घरी आणतो आहे हे कळल्यावर डियानिरा त्याचं प्रेम परत मिळवायला एक अंगरखा पाठवते. त्याला तिने नेससचं, म्हणजे हेराक्लीसने मारलेल्या अर्ध्या माणसाच्या, अर्ध्या घोड्याच्या प्राण्याचं रक्त लावलेलं असतं. हे वशीकरणाचं औषध आहे, असं मरताना नेससनेच तिला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात ते विष निघतं आणि हेराक्लीस जळत तडफडतो. पुढे मुलगा हिलस बापाला सांगतो की तिने चांगल्या हेतूने केलं आणि तिची चूक झाली. इथे सोफोक्लीसने वापरलेलं क्रियापद हामार्तियाच्याच कुळातलं आहे. डियानिराच्या स्वभावात दोष शोधू गेलं तर हाती काही लागत नाही. ती प्रेमळ आणि समंजस बाई आहे, आणि तिच्या हातून नवरा मरतो.

स्वभावदोषाची कल्पना पुढच्या काळातल्या नीतिवादी टीकेतून आली. सर्वनाश झाला म्हणजे काहीतरी पाप असलंच पाहिजे, हा हिशेब तिच्या मुळाशी आहे.

पण ईडिपस तर तापट आहे. तीच त्याची हामार्तिया नाही का?

तापट तो आहेच. आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्यावर ओरडतो, पुरावा नसताना मेव्हणा क्रेऑन याच्यावर कटाचा आरोप ठेवतो. पण नाटकातले प्रसंग कालक्रमाने लावून बघा. बापाचा खून आणि आईशी लग्न या दोन्ही गोष्टी पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी होऊन गेल्या आहेत. टायरेसियसशी तो नम्रपणे बोलला असता तरी त्यातलं काहीही बदललं नसतं.

'तीन रस्ते मिळतात तिथे त्याने रागाच्या भरात माणसं मारली' असा युक्तिवाद होतो. त्या प्रसंगाची हकिगत तो स्वतःच सांगतो: रथातल्या लोकांनी त्याला जबरदस्तीने रस्त्यावरून हटवायला बघितलं, ढकलणाऱ्या सारथ्याला त्याने रागाने मारलं, आणि तो बाजूने जात असताना म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात पराणी हाणली. बळजबरीची सुरुवात त्याने केली नाही. आणि तो त्या वाटेवर होता तो कशामुळे? तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील अशी डेल्फीच्या देवळातली देववाणी ऐकल्यावर, ज्यांना तो आईवडील समजत होता त्यांना जपण्यासाठी त्याने कॉरिंथ सोडलं म्हणून. या अज्ञानाला हामार्तिया म्हणायचं: आपले आईवडील कोण, हे त्याला माहीत नाही.

ही गाठ सोफोक्लीसने एका तपशिलावर किती बारकाईने टांगली आहे ते बघा. थीब्जचा राजा लायस, म्हणजे ईडिपसचा बाप, याला मारणारे दरोडेखोर 'अनेक' होते, असं वाचलेल्या एकमेव साक्षीदाराने सांगितलेलं असतं. ईडिपस तर एकटा होता. म्हणून तो म्हणतो, तो माणूस अजूनही 'अनेक' म्हणत असेल तर मी सुटलो, एक म्हणजे अनेक नव्हेत. त्या आकड्यासाठी या साक्षीदाराला, आता मेंढपाळ असलेल्या माणसाला, बोलावणं धाडलं जातं. पण तो येईपर्यंत कॉरिंथचा दूत आलेला असतो आणि प्रश्नच बदललेला असतो. घोट्यात भोकं पाडलेलं तान्हं मूल दूताच्या हवाली करणारा माणूसही हाच निघतो. दरोडेखोर किती होते, हे त्याला कोणी विचारतच नाही. विचारायची गरजच उरलेली नसते.

ह्युब्रिस म्हणजे गर्व, आणि गर्वाचं घर खाली, असंच आहे ना?

प्रत्येक नाटकावर हे लेबल डकवू नका. अथेन्समध्ये ह्युब्रिस हा कायद्याने गुन्हा होता: दुसऱ्याला अपमानित करण्यासाठी, त्यात मजा वाटते म्हणून केलेली मारहाण किंवा जबरदस्ती. मनातल्या अहंकारापुरता तो शब्द नव्हता. नायकाच्या पतनाचं कारण म्हणून ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'त ह्युब्रिस सांगत नाही.

हा शब्द नीट बसतो तो एस्किलसच्या 'पर्शियन्स'मध्ये. इ.स.पू. ४८० च्या सालामिसच्या आरमारी लढाईवरचं हे नाटक इ.स.पू. ४७२ मध्ये, अवघ्या आठ वर्षांनी सादर झालं. पर्शियाचा राजा झर्क्सीस याने समुद्रावर पूल बांधून सैन्य पार नेलं, देवळं जाळली. बाप डरायसचं भूत येऊन त्याच्या ह्युब्रिसचा उच्चार करतं. 'ईडिपस'मध्येही कोरसच्या, म्हणजे रंगमंचावरच्या गाणाऱ्या समूहाच्या, एका गाण्यात ह्युब्रिस येते, पण कोरस तिथे ईडिपसचं नाव घेत नाही, आणि ते गाणं कोणाला उद्देशून आहे यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

सगळं देवांनीच ठरवलेलं असेल, तर नायकावर जबाबदारी कसली?

ग्रीक नाटकात देवाचा हात आणि माणसाचा हात एकाच कृत्यावर एकाच वेळी असतात. एक खरा ठरला म्हणून दुसरा पुसला जात नाही. डोळे फोडून घेतल्यावर ईडिपसला विचारतात, तुला हे करायला कोणी लावलं? तो सांगतो की माझ्यावर ही दुःखं आणली अपोलोने, पण घाव घातला तो माझ्याच हाताने. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

भविष्यवाणीत काय होतं आणि काय नव्हतं, हेही तपासावं. खून आणि लग्न होतं. चौकशी कर, योकास्टा (त्याची आई आणि बायको) गयावया करत असताना थांबू नकोस, सत्य उघड कर, डोळे फोड, यातलं काहीही नव्हतं. रंगमंचावर आपण जे बघतो ते सगळं ईडिपसचं स्वतःचं आहे.

'अगामेम्नॉन'मध्येही हाच पेच आहे. आर्टेमिस देवीने उलटे वारे सोडून ट्रॉयला निघालेला ताफा अडवला आहे, अगामेम्नॉनने मुलीचा बळी दिल्याशिवाय तो निघणार नाही. कोरस म्हणतो, त्याने गरजेचं जू गळ्यात घातलं. जू देवीचं, पण मान घातली त्याने.

पेरिपेटिया आणि अनाग्नोरिसिस यांत फरक काय?

पेरिपेटिया म्हणजे कृतीचा परिणाम अपेक्षेच्या बरोबर उलट होणं. नुसतं दिवस फिरणं नव्हे. कॉरिंथचा दूत ईडिपसची आईविषयीची भीती घालवायला सांगतो की ती तुझी खरी आई नाहीच, आणि त्या दिलाशानेच सगळं कोसळतं. अनाग्नोरिसिस म्हणजे अज्ञानातून ज्ञानात येणं, विशेषतः समोरचं माणूस आपलं कोण हे कळणं. दोन्ही एकाच क्षणी घडतात तेव्हा ते सर्वोत्तम, असं ॲरिस्टॉटलचं मत आहे. व्रण, दागिना अशा खुणेवरून पटलेली ओळख त्याला सर्वांत कमी कलात्मक वाटते.

ओळख किती सावकाश पटवता येते हे युरिपिडीसच्या 'बाकाय'मध्ये दिसतं. देवाच्या उन्मादात अगावी आपल्याच मुलाचं, पेन्थियसचं, शिर हातात घेऊन येते. तिला ते सिंहाचं वाटत असतं. बाप कॅडमस तिला एकदम काही सांगत नाही. आधी म्हणतो, आकाशाकडे बघ, पूर्वीसारखंच दिसतं की वेगळं? मग, तुझं लग्न कोणाच्या घरी झालं? मुलाचं नाव काय? आता सांग, हातात कोणाचं डोकं आहे? ती अजूनही सिंहाचंच म्हणते. मग तो म्हणतो, नीट बघ.

नायकाचा शेवटी मृत्यू झालाच पाहिजे का?

नाही. ईडिपस, क्रेऑन, झर्क्सीस जिवंत राहतात. अँटिगोनी आणि एजॅक्स मरतात. एजॅक्स तर नाटक अर्ध्यावर असतानाच तलवारीवर झेप घेतो आणि उरलेलं नाटक त्याच्या प्रेतावरून चालतं.

शेवट दुःखीच असला पाहिजे हेही खरं नाही. 'युमेनिडीस'मध्ये आईच्या खुनाच्या खटल्यात मतं समसमान पडून ओरेस्टीस सुटतो. फिलॉक्टेटीस ट्रॉयला जायला निघतो, तिथे त्याची जखम बरी होणार असते. खुद्द ॲरिस्टॉटल तेराव्या प्रकरणात दुःखात संपणारं कथानक उत्तम म्हणतो आणि चौदाव्यात, घात होण्याच्या ऐन क्षणी ओळख पटून तो टळतो त्या प्रकाराला अग्रक्रम देतो. या विसंगतीवर आजही चर्चा चालते. परीक्षेत ती लपवू नका, मांडा. उत्तर वजनदार होतं.

'अँटिगोनी'त नायक कोण, अँटिगोनी की क्रेऑन?

ॲरिस्टॉटलची चौकट लावली तर पारडं क्रेऑनकडे झुकतं: चुकीचा निर्णय, उलटापालट, उशिरा आलेलं भान. राजा क्रेऑनची बंदी मोडून भाऊ पॉलिनायसीसच्या प्रेतावर माती घालणाऱ्या अँटिगोनीला आपण काय केलं आणि त्याची शिक्षा काय, हे पहिल्यापासून ठाऊक आहे. तिच्याकडे अज्ञान नाही. नाटक १३५० ओळींच्या आसपासचं आहे, आणि ९४३ व्या ओळीला ती कायमची आत जाते.

पण सोफोक्लीसचे नायक ज्या गुणाने ओळखू येतात तो पुरेपूर तिच्यात आहे. एजॅक्स, इलेक्ट्रा, फिलॉक्टेटीस, ईडिपस आणि ती, या सगळ्यांना आजूबाजूची माणसं एकच सांगत असतात: नमतं घे, शहाणपणाने वाग. ते ऐकत नाहीत आणि एकटे पडतात. या कसोटीवर क्रेऑन उतरत नाही, कारण टायरेसियसच्या शब्दांनी तो वाकतो.

त्याचं वाकणंही बघण्यासारखं आहे. कोरस त्याला क्रम सांगतो: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताची व्यवस्था लाव. क्रेऑन उलटं करतो. दूताच्या कथनानुसार ते आधी माळावर जातात, पॉलिनायसीसचे अवशेष धुतात, दहन करतात, वर मातीचा ढीग रचतात आणि मग गुहेकडे वळतात. तोवर अँटिगोनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ क्रेऑनचा मुलगा हेमॉन, मग बायको युरिडिसी. धर्माची कामं एकेक करून नीट पार पाडण्यात जो वेळ गेला, त्यात तीन जीव गेले. आमच्या मते नाटकाला दोन केंद्रं आहेत, आणि 'एकच नायक हवा' हा हट्ट आपला आहे, सोफोक्लीसचा नाही.

मीडिआ या चौकटीत बसते का?

नीट बसत नाही. ती जाणूनबुजून मुलांना मारते. आपण काय करतो आहोत हे समजतं, पण राग माझ्या विचारांहून बलवान आहे, असं स्वतःच म्हणते. शेवटी आजोबा सूर्यदेवाने दिलेल्या रथातून निसटते. तिचं पतन होत नाही. या रथावर ॲरिस्टॉटलने टीका केली आहे: उकल कथानकातूनच व्हावी, रंगमंचावरच्या यंत्रातून नव्हे. इ.स.पू. ४३१ च्या स्पर्धेत युरिपिडीस तिसरा, म्हणजे शेवटचा आला. तरी नाटक टिकलं. नायक चौकटीत बसत नसेल तर दर वेळी दोष नाटकाचाच असतो असं धरू नये.

नायक राजघराण्यातलाच का लागतो?

कथा पुराणांतून घेतल्या जात, आणि अशी कृत्यं जिथे घडली ती घराणी थोडीच होती, असं ॲरिस्टॉटल कारण देतो. दुसरं, राजा पडला की नगर हलतं: थीब्जमधली साथ ही एका घरापुरती गोष्ट नाही.

मुखवटे आणि कोरस यांचा नायकाशी काय संबंध?

मोठा. बोलणारे नट जास्तीत जास्त तीन, सगळे पुरुष, सगळे मुखवट्यात. चेहऱ्यावर भाव बदलत नाही, म्हणून नायकाचं मन त्याच्या बोलण्यातून आणि निर्णयातूनच कळतं. डियानिरा आणि हेराक्लीस रंगमंचावर कधीच समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे दोन्ही भूमिका एकाच नटाला करता येतात. खून आणि आत्महत्या सहसा आत होतात. बाहेर येऊन दूत त्या सांगतो. सोफोक्लीसच्या काळात कोरस पंधरा जणांचा झाला. नायक टोकाला जातो तेव्हा मागे साधी माणसं उभी असतात, घाबरलेली, सल्ला देणारी. त्यांच्यामुळेच नायकाची उंची दिसते.

कॅथार्सिसबद्दल किती लिहावं?

थोडं. हा शब्द शोकांतिकेच्या व्याख्येत, सहाव्या प्रकरणात येतो आणि तिथे त्याचं स्पष्टीकरण नाही. करुणा आणि भीती यांच्याद्वारे त्या भावनांचं विरेचन, इतकंच. विरेचन, शुद्धीकरण की उलगडा, यावर शतकानुशतकं वाद आहे. नायकावरच्या प्रश्नात दोन वाक्यं पुरेत.

एखाद्या नाटकातल्या नायकाचं विश्लेषण करायचं कसं?

पाच गोष्टी या क्रमाने लिहून काढा.

१. नाटक सुरू होण्याआधी काय घडून गेलं आहे आणि रंगमंचावर काय घडतं, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

२. निर्णायक कृत्य एका वाक्यात लिहा: कोणी, कोणाच्या बाबतीत, काय केलं. दोघांचं नातं लिहायला विसरू नका.

३. ते करताना त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं? काहीच अज्ञात नसेल (अँटिगोनी, मीडिआ), तर हामार्तियाचा आग्रह सोडा.

४. पेरिपेटियाची जागा ओळ क्रमांकासह दाखवा. कोणाच्या कोणत्या कृतीचा हेतू काय होता आणि झालं काय, हे दोन्ही लिहा.

५. कळल्यानंतर नायक काय करतो? कृत्य आपलं म्हणतो की दुसऱ्यावर ढकलतो?

स्वभावाची चर्चा यानंतर. विशेषणांपासून सुरुवात केली की उत्तर 'तापट, गर्विष्ठ, उतावळा' यातच अडकतं आणि नाटक बाजूला राहतं. दुसरी नेहमीची चूक शेक्सपिअरची: मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा डोक्यात ठेवून ईडिपस वाचणं. मॅक्बेथला आपण काय करतो आहोत ते माहीत असतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी, आणि मराठीत काय आहे?

आधी 'ईडिपस', मग 'अँटिगोनी', मग 'मीडिआ'. त्यानंतर इ.स.पू. ४५८ ची एस्किलसची 'ओरेस्टिया' ही त्रयी, आणि शेवटी 'ईडिपस ॲट कोलोनस', जिथे म्हातारा ईडिपस म्हणतो की मी जे केलं ते नकळत केलं, आणि त्याची अखेर झालेली जागा अथेन्सचं रक्षण करणारी ठरते. 'काव्यशास्त्रा'चा मराठी अनुवाद विंदा करंदीकरांनी केला आहे, आणि 'ईडिपस' पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं. नाटक आधी वाचा, 'काव्यशास्त्र' नंतर. उलट क्रमाने गेलात तर नाटकात फक्त व्याख्यांची उदाहरणं दिसत राहतात.